बुकर टी. वॉशिंग्टन: नववीतल्या मुलीच्या भाषणासाठी प्रसंग सुचवा

बावड्याची_आई
नमस्कार. 26 जूनला शाहू जयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेत माझ्या मुलीला बुकर टी. वॉशिंग्टनवर बोलायचंय. शास्त्रज्ञ कार्व्हर सगळ्यांना ठाऊक आहे, पण 1896 साली त्याला अमेरिकेतल्या टस्कीगीच्या शाळेत शिकवायला बोलावून घेणारा हा काळा प्राचार्य कुणालाच माहीत नाही, असं तिचं म्हणणं. गुलामीत जन्म, कोळशाच्या खाणीत काम, शिकण्यासाठी हॅम्प्टनच्या शाळेपर्यंतची पायपीट, प्रवेशासाठी खोली झाडून दाखवणं... पाच मिनिटांत सगळंच कोंबतेय आणि नुसती जंत्री होतेय. एकच प्रसंग घ्यायचा तर कुठला?

पंचगंगाकाठ
ताई, विटांचा घ्या. आमची तीन पिढ्यांची वीटभट्टी, त्यामुळं हा माणूस मला घरातला वाटतो.

1881 च्या 4 जुलैला अलाबामात 30 विद्यार्थ्यांवर टस्कीगीची शाळा सुरू झाली. पुढं इमारतीला विटा हव्यात, आणि गावात वीटभट्टीच नाही. मग आपणच पाडू म्हणाला. गुडघाभर चिखलात उभं राहायचं म्हटल्यावर काही पोरं शाळा सोडून गेली. पहिली भट्टी 25,000 विटांची, नीट भाजलीच नाही. दुसरीही वाया. तिसरी आठवडाभर पेटती राहिली, आता काही तासांत विटा निघणार, तर मध्यरात्री ढासळली.

मी बारा वर्षांचा असताना वळवाच्या पावसात आमची भट्टी बसली होती. वडील रात्रभर बॅटरी घेऊन भोवती फिरत होते. सकाळी कडेची वीट उचलली, वरून लाल. मोडली तर आत काळी, कच्ची, बोटानं माती सुटत होती. वडील दोन दिवस जेवले नाहीत. हे एकदाच झालं. त्याचं तीनदा झालं.

पैसा संपलेला. शिक्षकही सोडून द्या म्हणत होते. त्यानं स्वतःचं घड्याळ माँटगोमेरीला गहाण टाकून 15 डॉलर आणले. चौथी भट्टी साधली. मुदत टळली, घड्याळ बुडालं.

निवृत्त_मास्तर
घड्याळावरून लक्ष्मीबाई आठवल्या. आपल्या कुंभोजचे कर्मवीर भाऊराव पाटील साताऱ्यात वसतिगृह चालवत होते तेव्हा पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या या पत्नीनं मंगळसूत्रसुद्धा दिलं.

पण ड्यू बॉईस या काळ्या विचारवंताचा आक्षेप गाळू नका. 1895 च्या अटलांटातल्या भाषणात वॉशिंग्टनचा सूर होता, आधी हाताचं काम, हक्कांचं नंतर. 1903 साली ड्यू बॉईसनं त्याला उघड विरोध केला. मला तोच पटतो. महाराजांनी 1902 साली 50 टक्के जागा राखल्या त्या सरकारी नोकऱ्यांत, कारखान्यात नव्हे.

पंचगंगाकाठ
सर, पटतंय. तरी तिथं तेव्हा जमाव काळ्या माणसाला झाडाला टांगत होता, तेही धरा. आणि मतहक्क हिरावणाऱ्या कायद्यांविरुद्धच्या खटल्यांना त्यानं गुपचूप पैसे पुरवले होते.

बावड्याची_आई
दोघांचेही मनापासून आभार. विटाच घेतेय ती, शेवटी ड्यू बॉईसही येईल. दादा, रविवारी भट्टी बघायला आलो तर चालेल? तिला चिखलात पाय घालून बघायचेत.

पंचगंगाकाठ
या की. सकाळी सातच्या आत या, चिखल तेव्हाच मळतात. आणि हाच रविवार धरा, पाऊस लागला की भट्टी बंद.