हेला पेशींत न्यू५जीसीचं शिखर कसं? (अजित वर्की यांचं सायलिक अ‍ॅसिडवरचं काम)

गोडी_शर्करेची:
नमस्कार. एमएस्सीच्या सेमिनारसाठी अजित वर्की यांच्या संशोधनाची तयारी चालू आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस, मग अमेरिका, सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सायलिक अ‍ॅसिडवर (पेशीच्या पृष्ठभागावरच्या साखरसाखळ्यांच्या टोकाला बसणारी साखर) काम, इतकं समजलं. दोन ठिकाणी गाडी अडली आहे. रक्त आणि कर्करोगाचा डॉक्टर या साखरेकडे वळला कसा? आणि माणसात न्यू५जीसी हे एका प्रकारचं सायलिक अ‍ॅसिड बनवणारं जनुक बंद पडलंय म्हणतात, मग आमच्या हेला पेशींच्या (प्रयोगशाळेत वाढणाऱ्या मानवी कर्करोगपेशी) डीएमबी क्रोमॅटोग्रामवर (सायलिक अ‍ॅसिडला चमक देणारं डीएमबी जोडून काढलेला आलेख) न्यू५एसी या माणसातल्या नेहमीच्या सायलिक अ‍ॅसिडच्या आधी एक लहान शिखर का दिसतं? पेशी १० टक्के एफबीएसमध्ये (गाईच्या गर्भाच्या रक्तातलं सीरम) वाढवल्या आहेत. हायड्रोलिसिस, म्हणजे साखर सुटी करणं, २ मोलर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये, ८० अंश सेल्सिअसला ३ तास.

स्तंभ_सी१८:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे: एफबीएस. गाईच्या सीरममधल्या ग्लायकोप्रोटीनवर न्यू५जीसी असतं. पेशी ते गिळते, लायसोसोममधलं (पेशीतली पचनाची पिशवी) सायलिडेज हे एन्झाइम साखर सुटी करतं, सायलिन नावाचा वाहक ती बाहेर सायटोप्लाझममध्ये आणतो. तिथून पुढे पेशीची यंत्रणा न्यू५एसी आणि न्यू५जीसी यांत भेद करत नाही, दोन्हींना सीएमपी हा वाहक रेणू जोडून गॉल्जीकडे, म्हणजे साखरा जोडण्याच्या जागी, पाठवते. जनुक बंद असलं तरी उसनी साखर पेशीच्या पृष्ठभागावर चढते ती अशी.

पण ते शिखर खरंच न्यू५जीसीचं आहे का, हे आधी पक्कं करा. डीएमबीच्या अभिकर्मकातूनही भलती शिखरं येतात, म्हणून नमुना न घालता केलेला कोरा प्रयोग प्रत्येक वेळी लावायचाच. प्रमाण म्हणून बोवाइन सबमॅक्सिलरी म्युसिन चालवा, त्यात न्यू५जीसी, न्यू५एसी आणि ओ-अ‍ॅसिटिल (अ‍ॅसिटिल गट जोडलेली) रूपं एकत्र मिळतात. मग तुमच्या नमुन्यातच थोडं शुद्ध न्यू५जीसी घालून पुन्हा चालवा. शिखर उंचावलं तर ठीक, शेजारी दुसरं उगवलं तर तुमचं शिखर वेगळ्याच कशाचं तरी आहे. मास स्पेक्ट्रोमीटर असेल तर वादच मिटतो: डीएमबी जोडलेलं न्यू५एसी ४२६ ला, न्यू५जीसी ४४२ ला. फरक १६ चा, म्हणजे एका ऑक्सिजन अणूचा.

तुमचं हायड्रोलिसिस योग्य आहे. ते १० किलोडाल्टनच्या फिल्टरमधून गाळून घ्या. अभिकर्मकाचं शेवटचं प्रमाण: डीएमबी ७ मिलिमोलर, सोडियम हायड्रोसल्फाइट १८ मिलिमोलर, बीटा-मरकॅप्टोइथेनॉल ०.७५ मोलर, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड १.४ मोलर. ५० अंशांना अडीच तास, पूर्ण अंधारात. नळ्या फॉइलमध्ये गुंडाळा, उजेड लागला की चमक घटते. हायड्रोसल्फाइट त्याच दिवशी ताजं विरघळवा, जुनं द्रावण निकामी असतं. सी१८ स्तंभ, पाणी ८५, अ‍ॅसिटोनायट्राइल ८, मिथेनॉल ७ टक्के, मिनिटाला ०.९ मिली. एक्सायटेशन ३७३, एमिशन ४४८ नॅनोमीटर.

हायड्रोलिसिस टाळू नका. डीएमबी फक्त सुट्या सायलिक अ‍ॅसिडला जुळतं. आणि घाईपोटी ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड वापरलं तर ओ-अ‍ॅसिटिल गट बऱ्यापैकी गळतात. एकूण सायलिक अ‍ॅसिड मोजायचं असेल तर ते चालेल, ९-ओ-अ‍ॅसिटिल बघायचं असेल तर नाही.

पेशीपालक:
वरच्याला पुरवणी. पेशी पीबीएसने (क्षारांचं बफर द्रावण) निदान तीनदा धुवा, नाहीतर चिकटून राहिलेलं सीरमच मोजलं जाईल. नंतर काही पॅसेज (पेशी नव्या भांड्यात हलवण्याच्या फेऱ्या) मानवी सीरममध्ये वाढवा, शिखर उतरत जायला हवं. सीरममुक्त माध्यम घेताना घटकांची यादी वाचा, गाईचं ट्रान्सफेरिन असलं तर प्रश्न तिथेच राहतो. माध्यमात शुद्ध न्यू५एसी घातलं तरी स्पर्धेमुळे न्यू५जीसी मागे सरतं.

अँटिबॉडीने तपासणार असाल तर ब्लॉकिंगला दूध किंवा बोवाइन अल्ब्युमिन अजिबात नको, थंड पाण्यातल्या माशांचं जिलेटिन वापरा. ही अँटिबॉडी कोंबडीत बनवतात, कारण पक्ष्यांमध्ये न्यू५जीसी नसतं आणि कोंबडीच्या शरीराला ते परकं वाटतं.

रक्तपेढी_जवळ:
पहिल्या प्रश्नाबद्दल, कारण सेमिनारचा जीव तिथेच आहे. वर्की सेंट लुईसला स्टुअर्ट कॉर्नफेल्ड यांच्याकडे लायसोसोमच्या एन्झाइमांवर काम करत होते. या एन्झाइमांना लायसोसोमकडे नेणारा मॅनोज-६-फॉस्फेटचा पत्ता सुरुवातीला एन-अ‍ॅसिटिलग्लुकोसमीनखाली झाकलेला असतो आणि ते झाकण काढणारं वेगळं एन्झाइम असतं, हे त्या काळातलं काम. आय-सेल या जन्मजात रोगात हा पत्ता लिहिणारंच एन्झाइम नसतं. साखरेची एक जोडणी चुकली की मूल आजारी पडतं, हे त्यांच्यापुढे सुरुवातीपासूनच होतं.

मग १९८४. अप्लास्टिक अ‍ॅनिमियाच्या (अस्थिमज्जेत रक्तपेशी बनणं थांबतं तो आजार) एका रुग्णाला वर्कींनी घोड्याचं अँटिथायमोसाइट सीरम दिलं आणि त्याला सीरम सिकनेस (परक्या सीरमविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया) झाला. अशा रुग्णांत सापडणाऱ्या, १९२० च्या दशकापासून ठाऊक असलेल्या हंगानुत्झिउ-डायकर अँटिबॉडींचं लक्ष्य न्यू५जीसी असतं. घोड्याची साखर माणसाला परकी का, हा प्रश्न वर्कींनी सोडला नाही. १९९८ मध्ये उत्तर आलं: न्यू५जीसी बनवणाऱ्या सीएमएएच जनुकातला ९२ बेसचा एक्झॉन (प्रथिनाचा मजकूर असलेला तुकडा) माणसात नाही, वाचनचौकट सरकते, एन्झाइम बनत नाही. चिंपांझी, बोनोबो, गोरिला यांच्यात जनुक शाबूत आहे. स्लाइडवर हे चित्र पहिलं ठेवा.

गोडी_शर्करेची:
मनापासून आभार. मटण आणि कर्करोग हा भाग घ्यावा का?

स्तंभ_सी१८:
घ्या, पण मोजक्या शब्दांत. गोमांस, डुकराचं मांस, मटण, गाईचं दूध यांत न्यू५जीसी असतं, कोंबडी-अंड्यात नसतं. २०१५ च्या प्रयोगात सीएमएएच नसलेल्या उंदरांना ते खाऊ घातलं आणि त्याविरुद्धच्या अँटिबॉडीही होत्या, तेव्हा यकृताच्या गाठी वाढल्या. हा उंदरांतला पुरावा आहे, माणसात थेट सिद्ध झालेलं कार्यकारण नाही, हे त्याच स्लाइडवर लिहा. वेळ उरला तर सेटक्सिमॅब हे कर्करोगावरचं अँटिबॉडी औषध घ्या: उंदराच्या एसपी२/० पेशींत बनतं म्हणून त्यावर न्यू५जीसी सापडतं, सीएचओ (हॅमस्टरच्या) पेशींत बनणाऱ्या पॅनिटुम्युमॅब या तशाच औषधावर ते जवळपास नसतं. बायोसिमिलर (जैविक औषधांच्या प्रतिकृती बनवणाऱ्या) कंपनीत मुलाखत देणार असाल तर हेच विचारतील, आणि तिथे या साखरेला एनजीएनए म्हणतात.