‘रिदम हेवन’ कानाचा खेळ आहे

‘रिदम हेवन’ हा व्हिडिओ गेम नुसता नजरेचा आणि बोटांचा आहे, तालाचं त्यात काही नाही, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. निन्टेन्डोच्या डीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रावरच्या भागातला (जपानमध्ये २००८) ‘लॉकस्टेप’ हा छोटा खेळ खेळून बघा. रांगेतल्या सगळ्यांबरोबर मात्रेवर टिचकी द्यायची आणि इशारा मिळाला की दोन मात्रांच्या मधल्या जागेवर सरकायचं. मग कॅमेरा एवढा मागे जातो की माणसं ठिपक्यांएवढी होतात. बघून काय दाबणार? कानच लागतो.

आमच्याकडे गोव्यात, फोंड्याला, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आरतीला हेच होतं. घुमट आणि शामेळ ही तालवाद्यं रंगात आली की कासाळं (झांजा) वाजवणाऱ्याने दुसऱ्याच्या हाताकडे बघून चालत नाही. बघेपर्यंत मात्रा निघून जाते. माझा भाचा दरवर्षी तिथेच घाई करायचा. या मे महिन्यात त्याला हा खेळ दिला, तेव्हा मात्रेच्या मधली जागा त्याला पहिल्यांदा अंगात जाणवली. पाय आपोआप हलायला लागला!

मूळ कल्पना संगीतकार त्सुंकू यांची. निन्टेन्डोच्याच गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या जुन्या यंत्रावरचा पहिला भाग २००६ मध्ये फक्त जपानात निघाला. सुरुवात मात्र डीएसवरच्या भागापासूनच करा, आणि इअरफोन लावून.