बाय-वायरिंगने आवाज सुधारतो का? केबल कोणती घ्यावी?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक): 8 ओहमच्या स्पीकरमागे चार टर्मिनल आणि मध्ये धातूच्या पट्ट्या आहेत. अँप (अँप्लिफायर) 8 मीटरवर. बाय-वायरिंग, म्हणजे एकाच अँपपासून टर्मिनलच्या दोन्ही जोड्यांना वेगवेगळी अशी दुहेरी केबल टाकू का?

उत्तर १: नको. अँप एकच, तेव्हा फरक कानाला कळणारा नाही. पैसे जाडीत घाला. 2.5 चौरस मिमी तांब्याच्या केबलचा 8 मीटरला जाऊन-येऊन रोध जेमतेम 0.13 ओहम, स्पीकरच्या 8 ओहमपुढे अगदी थोडा, म्हणजे एवढी जाडी भरपूर झाली. एम. जी. रोडवर घेताना एक तार ब्लेडने खरवडून बघाच. आतून चंदेरी निघाली तर ते मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम, घेऊ नका.

उत्तर २: तरी करायचंच असेल तर अँप बंद करून आधी पट्ट्या काढा. मग वरच्या-खालच्या दोन्ही जोड्यांना केबल हवी, नाहीतर ट्वीटर (बारीक आवाजाचा) किंवा वूफर (खर्जाचा) मुका राहील. दोन्ही केबल अँपच्या ‘ए’ या स्पीकर-टर्मिनललाच जोडा, एक ‘ए’ला आणि एक ‘बी’ला नको; काही अँपमध्ये ए+बी सिरीजमध्ये (एकामागोमाग एक) असतात.

उत्तर ३: टोकं नीट पिळा. एक सुटी बारीक तार प्लस-मायनसला चिकटली तरी अँपचे आउटपुट ट्रान्झिस्टर उडू शकतात. आणि एकाच स्पीकरला प्लस-मायनस उलटं झालं तर खर्ज गायब होतो, हे आधी तपासा.