घरातली कलावंत: आजी, पणजी, मावशी आणि त्यांचे हात

बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या आणि त्यांच्या कविता छापून आल्या १९५२ साली. त्याआधी त्या जळगावच्या घरात, शेतात, जात्यापाशी नुसत्या ऐकू येत होत्या. बाईंना लिहिता येत नव्हतं, घरच्यांनी टिपून ठेवल्या म्हणून उरल्या. प्रत्येक घरात बहिणाबाई नसते. पण अख्ख्या खटल्याचा भार वाहताना काहीतरी सुंदर करत राहिलेली एखादी बाई पुष्कळ घरांत होऊन गेली आहे. तिच्याबद्दल या चर्चेच्या धाग्यावर लिहा.

विनंती एकच. ‘फार प्रेमळ होती, कष्टाळू होती’ एवढ्यावर थांबू नका. ती काय करायची, कसं करायची, सामान कुठलं वापरायची, काय मुळीच खपवून घ्यायची नाही, ते सांगा. माया सगळ्यांच्या लक्षात राहते. कसब मात्र दोन पिढ्यांत पुसलं जातं, आणि माझ्या मते कलावंत म्हणून तिचा खरा मान त्या कसबाच्या तपशिलात आहे.

सुरुवात मी करते. माझी आजी चैत्रांगण, म्हणजे चैत्रातली अंगणातली रांगोळी, काढायची. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत रोज, सडा घालून, गेरूने सारवलेल्या चौकोनावर. मधे देव्हाऱ्यातल्या गौरी, मग सूर्य-चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, तुळशीवृंदावन, गोपद्मं, हत्ती, कासव, नाग, मोर, फणी, करंडा, आरसा. ठिपके नाहीत, खडूची खूण नाही. सगळं थेट चिमटीतून. रांगोळी शिरगोळ्याची, म्हणजे मऊ पांढऱ्या दगडाच्या भुकटीचीच हवी, आणि आधी वस्त्रगाळ केलेली, कारण एक जाड कण आला की रेघ अडते. तिचा हात जमिनीपासून फार वर नसे. मनगट स्थिर, सरकायचा तो खांदा. ‘रेघ थांबली की गाठ दिसते,’ म्हणायची. हत्तीची पाठ ती एका दमात काढायची. सोंडेपासून शेपटीपर्यंत, मधे श्वाससुद्धा सोडत नसे. चुलत्यांच्या जमिनीचे वाद, सुनांची बाळंतपणं, सगळ्यांचे निर्णय तिच्याकडे यायचे. पण त्या वेळात तिला कुणी हाक मारायची नाही, हा घरातला नियम होता. आजोबांनाही तो लागू होता.

मुळशीकडची एक नात

आमच्या आज्जीला नुसतं बसवून ‘ओवी म्हण’ म्हटलं तर आठवत नसे. दोन ओळी होत, मग गप्प. जात्याच्या खुंट्याला हात घातला, घरघर सुरू झाली, की एकीतून दुसरी निघत जाई. आधी देवांच्या, मग आईबापाच्या, भावाच्या, लेकीच्या, आणि सगळ्यात शेवटी सासरच्या दुखण्याच्या. हा क्रम ठरलेला. दुखणं पहिल्यांदा काढायचं नाही, दळण अर्ध्यावर आल्यावर काढायचं. समोर दुसरी बाई बसलेली असे. आज्जीने एक ओळ टाकली की तिने ती उचलून पुढे न्यायची. त्यामुळे कुठली ओवी कुणाची हे विचारण्यात अर्थच नव्हता, तरी आज्जीच्या काही ओव्या गावात तिच्या म्हणूनच ओळखल्या जात.

पिठाची गिरणी आली आणि पहाटेचं ते सगळं गेलं. गिरणी वाईट होती असं मी म्हणणार नाही. आज्जीचे खांदे तिनेच वाचवले. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या, त्याचं मोल मला आज्जी गेल्यावर जास्त कळतं. आमच्याकडे तिच्या आवाजाची एकच कॅसेट आहे. तीत मागे जातं ऐकू येतं, कारण त्याशिवाय ती गायलीच नसती.

कोल्हापूरचा नातू

आमच्यात गोधडीला वाकळ म्हणतात. नऊवारी लुगडं म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. ते चौपदरी दुमडलं की एका माणसाची दोन मीटरची वाकळ होते. मोठी करायची तर दोन लुगडी जोडायची. आज्जी अंगण झाडून कापड अंथरायची, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवायची आणि कडेपासून आत धावदोरा घालत यायची. टाके एकसारखे का, तर अंगठ्याच्या नखाने मोजायची. विटकी कापडं आत, धड असलेली वर. रंग मात्र अंदाजाने कधीच नाही. हिरव्या इरकलीशेजारी काय लावायचं यावर दोन-दोन दिवस विचार करायची, आणि मनासारखा तुकडा मिळेपर्यंत काम गुंडाळून ठेवायची. घरात जन्मलेल्या प्रत्येक पोराची वाकळ निराळी. माझ्यात वडिलांचं धोतर, आईचं डोहाळजेवणाचं लुगडं आणि पणजीच्या खणाची चोळी आहे. हे मला पाठ आहे, कारण आज्जी पांघरूण घालताना तुकड्यावर बोट ठेवून सांगायची.

तलासरीहून

माझी आजी धवलेरी. आम्हा वारल्यांमध्ये लग्न लावते ती धवलेरी, आणि चौक, म्हणजे लग्नाचं भिंतीवरचं चित्र, लिहितात त्या सवाशिणी. आजीने दोन्ही केलं. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, काडीचं टोक चावून मऊ करायचं, तोच कुंचला. मधे पालघाट देवी. बाहेरची चौकट नक्षीने इतकी भरायची की भिंत दिसू नये. आजी एकीकडे गात असे आणि दुसरीकडे पोरींच्या रेघांवर नजर.

आमच्यातले चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी सत्तरच्या दशकात ही चित्रं कागदावर काढायला सुरुवात केली, पुढे २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि आमची चित्रं जगभर गेली. त्याचा अभिमान आहेच. फक्त कपांवर, पिशव्यांवर ती नाचणारी माणसं बघताना लोकांनी एवढं लक्षात ठेवावं असं वाटतं की ही रेघ आधी बायकांची होती, आणि चौकाशिवाय लग्न लागत नव्हतं.

एका चित्रकला शिक्षिकेची भाची

मावशीने लग्न केलं नाही. आजोबा गेल्यावर चार भावंडांची शिक्षणं तिने केली, म्हणून घरात शेवटचा शब्द तिचा. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटला बसणारी कितीतरी मुलं तिच्या हाताखालून गेली. वस्तुचित्रासाठी ती तांब्या आणि दोन कांदे ठेवायची आणि म्हणायची, ‘डोळे किलकिले कर. बारकावे जाऊ दे, सावली कुठे आहे ते बघ.’ खोडरबर पहिला अर्धा तास मिळत नसे. रंगाचं पाणी गढूळ झालेलं तिला चालत नसे. तिची स्वतःची चित्रं थोडीच आहेत, रात्री पोस्टर कलरने केलेली, बहुतेक खिडक्यांची. त्यांतली छाया जांभळी असते, काळी नाही. काळा रंग तिच्या पेटीत नव्हताच.

पेटीवाल्या आजीचा नातू

१९४० ते १९७१ आकाशवाणीवर पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, बंदी होती. आजीचं सगळं वाजवण्याचं वय त्यात गेलं. ती घरी वाजवायची, भजनाला वाजवायची, भाता डाव्या हाताने इतका हळू चालवायची की सूर तुटल्याचं कळत नसे. नातवंडांपैकी ज्याला सा लावता आला त्याला ती बाजूला बसवून घेई. मी बसलो, आणि तीच पेटी आज माझ्याकडे आहे. सूर वर्षातून एकदा लावून घेतो.

पुन्हा मुळशीहून

वरच्या चैत्रांगणाबद्दल विचारायचं होतं. तुमच्या आजी हत्ती सोंडेपासून सुरू करायच्या की पायापासून? आमच्या आत्या पायापासून करतात, आणि त्यांचा हत्ती नेहमी पुढे कलतो.

धागा सुरू करणारी

सोंडेपासून. डोकं, पाठ, शेपटी, आणि पाय सगळ्यात शेवटी, म्हणजे उरलेल्या जागेत तो नीट उभा राहतो. आत्या चैत्रांगणात पाळणा काढत असतील तर त्यांना विचारून त्याची रीत मात्र नक्की लिहा. आमच्याकडे पाळणा काढत नाहीत.