मदत हवी आहे: वहिनींना सरपंचपदाला उभं करायचंय, बारावीचं मार्कशीट लागतं का?

वाडीकर: नमस्कार मंडळी. आमच्याकडं थेट सरपंचपद नामाप्र (ओबीसी) महिलेला सुटलंय. वहिनींचा फॉर्म भरायचाय. बारावी पास आहेत, पण मार्कशीट सापडत नाही. शुक्रवारी शेवटचा दिवस. तहसीलमध्ये एक म्हणतो लागेल, दुसरा म्हणतो बघू. माहीत असेल त्यांनीच सांगा, लवकर.

निवांत: वहिनींचं जन्मसाल?

वाडीकर: त्याचा काय संबंध? ९३.

निवांत: संबंध असा की सातवी पासची अट १ जानेवारी १९९५ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच आहे. वहिनींना ती लागूच नाही. मार्कशीट सोडा. जात पडताळणी झालीय का?

सांगलीकर: शिक्षणाचं काय घेऊन बसलात राव! वसंतदादांचं शिक्षण किती होतं? १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेला माणूस, पुढं साखर कारखाना उभारला, मुख्यमंत्री झाला. आताचे डबल ग्रॅज्युएट बघा.

खडूस काकू: "उभं करायचंय" म्हणजे काय हो? वहिनींना स्वतःला उभं राहायचंय का? आमच्या गावात सरपंचबाई घरात भाकऱ्या थापतात आणि शिक्का नवऱ्याच्या खिशात. ग्रामसेवकसुद्धा त्यालाच "सरपंच" म्हणतो.

वाडीकर: काकू, वहिनीच बचतगट चालवतात. कर्जाचं रजिस्टर त्यांच्या हातचं आहे, बँकेतला साहेब त्यांच्याशिवाय कुणाशी बोलत नाही. मी फक्त टायपिंग करतोय. पडताळणीचं प्रकरण समितीकडं पडून आहे.

निवांत: मग अर्ज केल्याची पोच आणि मुदतीत वैधता प्रमाणपत्र देईन असं हमीपत्र जोडा. मुदत चुकली तर निवडून आलेलं पद जातं.

टवाळ: आमदाराला अंगठा चालतो, सरपंचाला सातवी. वा रे न्याय.

सांगलीकर: अट हवीच. हरयाणानं लावली, सुप्रीम कोर्टानं २०१५ ला उचलून धरली.

टवाळ: आणि राजस्थाननं लावून २०१९ ला काढली, तेही सांगा. शिवाय वर वसंतदादांचं उदाहरण तुम्हीच दिलंत ना?

सांगलीकर: तो काळ वेगळा होता.

कोर्टकचेरी: मूळ मुद्दा राहिला. मतदार यादीत नाव सासरच्या गावात आहे की माहेरी? यादीची तारीख आयोग आधीच ठरवतो, आता नाव घालून उपयोग नाही. शिवाय अपत्यं किती, घरपट्टी-पाणीपट्टी थकलीय का, शौचालयाचा दाखला आहे का? हे लिहिलं असतंत तर पहिल्याच उत्तरात काम झालं असतं.

वाडीकर: नाव इथंच आहे, लग्नानंतर लगेच घातलं. दोन मुलं. पट्टी भरलीय, शौचालय आहे. घर गायरानात आहे, पण ते वडिलांनी बांधलंय, वहिनींचा संबंध नाही.

कोर्टकचेरी: थांबा. हे सगळ्यात आधी सांगायचं होतं! सरकारी जमिनीवर अतिक्रमण असेल तर अपात्रता येते. बांधलं सासऱ्यांनी असलं तरी त्याच घरात राहणाऱ्या कुटुंबीयांनाही ती लागू होते, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ ला म्हटलंय. घर नियमित झालं असेल तर तो आदेश शोधा.

बँकवाले अण्णा: निवडणूक खर्चाचं वेगळं खातं उघडा. मी तीस वर्षं बँकेत होतो, जनधन खात्याचं तर विचारूच नका...

खडूस काकू: अण्णा, तुम्हाला कुणी विचारलंय? वाडीकर, हे गायरानाचं वहिनींना सांगितलंत का?

वाडीकर: आत्ता सांगितलं. त्या म्हणतात, समोरच्या पॅनेलच्या बाईंचं घरही गायरानातच आहे, कोण कुणाची तक्रार करणार?

कोर्टकचेरी: हरणारा करतो. निकालानंतर.