खर्जातल्या आवाजाच्या पुरुषांनी जपानी कराओकेत काय गावं? आपापले अनुभव लिहा

टोकियोतल्या निशीकासाईत राहायला येऊन मला सात वर्षं झाली. जपानी ऑफिसात जेवणानंतरची ‘निजिकाई’, म्हणजे दुसरी बैठक, बहुतेक वेळा कराओकेच्या खोलीतच होते. माझा आवाज जाड, खर्जातला. गेल्या डिसेंबरात बोनेनकाईनंतर, म्हणजे वर्षअखेरच्या पार्टीनंतर, मी ‘प्रिटेंडर’ हे जपानी गाणं लावलं. २०१९ पासून ते सगळ्यांच्या तोंडी आहे आणि महिनाभर लोकलमध्ये कानाला लावून मी ते पाठ केलं होतं. कडवं नीट गेलं, पण ध्रुवपद आलं आणि गळा बंदच झाला. शेजारच्या सहकाऱ्याने काही न बोलता दुसरा माइक उचलला आणि वरचे सूर तो गायला. मी खालमानेने ओठ हलवत राहिलो. गाणं संपल्यावर आमचे काचो, म्हणजे विभागप्रमुख, हळूच म्हणाले, “गाण्याची ‘की’ खाली घेतली असतीस तर?” पट्टी बदलायचं बटण मी तोवर दाबलंच नव्हतं.

ज्यांचा आवाज असा आहे त्यांनी लिहा. कुठलं गाणं, किती पायऱ्या खाली, आणि कुणासमोर गायलात तेही सांगा.

सांगलीचा, सध्या योकोहामा

लहानपणी पेटीवर शिकलो, म्हणून मी आपल्याच भाषेत सांगतो. भजनाला बसताना आपण आधी विचारतो, “बुवा, पट्टी कुठली?” काळी एक म्हणाले की काळी एक. इथे मात्र रेकॉर्डमधल्या गायकाची पट्टी आपण मुकाट्याने स्वीकारतो. रिमोटवर ‘की’चं एक बटण एकदा दाबलं की एक अर्धस्वर उतरतो, म्हणजे पेटीवर शेजारची पट्टी. चार वेळा दाबलं तर काळी एकवरून थेट खालच्या पांढऱ्या सहावर आलात.

पण फक्त वरचा सूर बघून उतरवू नका, मी तिथेच फसत होतो. ध्रुवपद बसावं म्हणून सहा पायऱ्या उतरलो, तर कडव्याची पहिली ओळ इतकी खाली गेली की माइकमधून नुसती घरघर. हल्लीच्या बऱ्याच गाण्यांत कडवं खोल आणि ध्रुवपद उंच असतं. दोन्ही टोकांत दीड-दोन सप्तकांचं अंतर असलेलं गाणं किती उतरवलं तरी आपलं होत नाही. म्हणून मी घरी पेटीवर आधी गाण्याचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर शोधतो. दोन्ही गळ्यात बसत असतील तरच गाणं घेतो.

माझी ठरलेली गाणी दोन, दोन्ही फुकुयामा मासाहारूची. ‘साकुराझाका’ (२०००) आणि ‘काझोकु नि नारोयो’ (२०११). त्याचा स्वतःचाच आवाज खालचा, त्यामुळे फार तर दोन पायऱ्या उतरायचं. दुसरं गाणं लग्नात गातात. सहकाऱ्याच्या लग्नाच्या निजिकाईत गायलो तेव्हा नवऱ्या मुलीची आई रुमाल शोधत होती.

कोबे, १९८८ पासून

आमच्या वेळी कराओकेच्या खोल्यांपेक्षा ‘स्नॅक’ जास्त. स्नॅक म्हणजे सात-आठ खुर्च्यांचा छोटा बार, काउंटरपलीकडे मामा-सान, म्हणजे मालकीणबाई. मी जात असे तिथल्या मामा-सानकडे एक वही होती. नेहमीच्या गिऱ्हाइकाचं नाव, गाणं आणि पुढे पेन्सिलीने आकडा. कुणापुढे उणे दोन, कुणापुढे अधिक एक. तुम्ही गाणं सांगितलंत की पट्टी ती लावायची, विचारायचं नाही.

पहिल्या रात्री मी नुसतं “कोम्बान्वा” म्हणालो आणि तिने माझ्यासाठी फ्रँक नागाईचं ‘युराकुचो दे आइमाशो’ लावलं. १९५७ चं गाणं, सोगो डिपार्टमेंट स्टोअरच्या युराकुचोतल्या नव्या दुकानाच्या जाहिरातीसाठी केलेलं. नागाई आधी अमेरिकन सैनिकांच्या क्लबांत जॅझ गायचा आणि पुढे त्याची सगळी ओळखच खालच्या आवाजाची झाली. गाणं संथ. पडद्यावर कांजीच्या, म्हणजे चित्रलिपीच्या, डोक्यावर उच्चारासाठी लिहिलेली काना अक्षरं वाचून होतात आणि तरी श्वास घ्यायला वेळ उरतो. भाषा कच्ची असणाऱ्याला याचं मोल फार. माझ्या नावापुढे तिने शून्य लिहिलं. मूळ पट्टीच माझी निघाली. तो शून्य बघून झालेला आनंद मी अजून विसरलेलो नाही.

आमच्या कोबेची एक गोष्ट सांगतोच. इनोउए दाइसुके इथल्या क्लबांत साथ करायचा. एका कंपनीच्या मालकांना त्याच्या साथीशिवाय गाता येईना. त्यांना सहलीला न्यायला साथीदार हवा होता आणि याला जाणं जमत नव्हतं, म्हणून त्याने त्यांच्या गळ्याला झेपेल अशी साथ टेपवर भरून दिली. त्यातूनच १९७१ मध्ये त्याचं यंत्र आलं. म्हणजे सुरुवातीची ती टेपच एका माणसाच्या गळ्याच्या मापाने शिवलेली होती. तेव्हा बटण दाबायला लाजू नका.

नागोयाहून, यांच्या वतीने मी

आमच्या ह्यांचा आवाज असा की फोनवर लोक सासऱ्यांना शोधतात. ते स्वतः लिहिणार नाहीत. कंपनीच्या कौटुंबिक कार्यक्रमात दोघांनी मिळून गायचं ठरलं, तर दर वेळी तोच घोळ. यांच्यासाठी पट्टी उतरवली की माझा भाग पार तळाला जाई आणि माझ्यासाठी चढवली की हे गप्प. शेवटी शेजारच्या ओबासाननी, म्हणजे काकूंनी, ‘गिन्झा नो कोई नो मोनोगातारी’ सुचवलं. १९६१ चं द्वंद्वगीत, पुरुषाचा भाग इशिहारा युजिरोचा. तो मुळातच खाली गातो, म्हणून पट्टीला हातच लावावा लागला नाही आणि मलाही माझ्या गळ्यात गाता आलं. साठीच्या पुढचे सगळे टाळ्यांचा ठेका धरतात. तरुण मंडळींना मात्र ते आजोबांचं गाणं वाटतं, हे लक्षात ठेवा.

ओसाका, पीएचडीचा विद्यार्थी

माझ्या लॅबमध्ये सगळे पंचविशीच्या आतले, तिथे फ्रँक नागाई चालत नाही. मी ‘हितोकारा’ करतो, म्हणजे एकट्याने जाऊन खोली घेणं. कामाच्या दिवशी दुपारी स्वस्त पडतं. दोन तासांत एकच गाणं उणे एक, उणे दोन, उणे तीन असं सलग गाऊन बघायचं आणि आकडा फोनमध्ये टिपून ठेवायचा. साइतो काझुयोशीचं ‘उताउताई नो बारादो’ मला उणे तीनवर बसलं, बंप ऑफ चिकनचं ‘तेन्ताई कान्सोकु’ उणे दोनवर. दुसरं २००१ चं असलं तरी लॅबमधली मुलं अजून ओरडून साथ देतात. पाचच्या खाली गेलं की मला साथच जड वाटायला लागते, मग मी ते गाणं सोडून देतो.

साइतामा

बायकांची गाणी घ्या, एक सप्तक खाली. नाकाजिमा मियुकीचं ‘इतो’ मी असंच गातो. मात्र तिचाही आवाज खोल आहे, म्हणून नुसतं सप्तक उतरवलं तर आपण विहिरीत. तेव्हा पट्टी उलट *वर* घ्यायची, मी चार पायऱ्या चढवतो. गुण देणाऱ्या यंत्राला सप्तकाचं काही वाटत नाही, सूर तोच असला की गुण मिळतात.

पुण्याहून

मी जपानला अजून गेलेलो नाही, इथे जपानी शिकतो. क्लासच्या कार्यक्रमात तेराओ आकिराचं ‘रुबी नो युबिवा’ गायलो. १९८१ चं हे गाणं तो जवळजवळ पुटपुटतोच. गळ्याला काही त्रास नाही, पण शब्द भराभर येतात. जीभ वळावी म्हणून तीन आठवडे रोज नुसतं वाचत होतो, चाल नंतर लावली. आमच्या सेन्सेई, म्हणजे बाई, डोळे मिटून ऐकत होत्या. नंतर म्हणाल्या, हे गाणं त्यांच्या वडिलांचं होतं.

पुन्हा मी, निशीकासाई

सगळ्यांचं वाचून शनिवारी एकटाच जाऊन आलो. ‘प्रिटेंडर’ उणे सहापर्यंत नेऊन पाहिलं. योकोहामाकरांनी सांगितलं तेच झालं, पहिली ओळ हरवली. सोडलं. ‘साकुराझाका’ उणे एकवर बसलं. शेवटची ओळ संपल्यावर खोलीत आवाज जरा वेळ घुमत राहिला आणि मी तीच ओळ परत एकदा गायलो.

येत्या शुक्रवारी आमच्या काचोंचा निरोप समारंभ आहे. त्यांचं वय पाहता नागाईही तयार ठेवतोय. कोबेकर, तुमच्या मामा-सानच्या वहीतला शून्य मला लागू पडेल का, ते उद्या बघतो.