‘एलिझियम’चे जग पटते, मग गोष्ट का पटत नाही?

धुळाक्षर:
नील ब्लोमकॅम्प यांचा ‘एलिझियम’ (२०१३) हा चित्रपट नुकताच दुसऱ्यांदा पाहिला. पुढे कथेचा शेवट उघड होणार आहे, हे आधीच सांगतो. सन २१५४ मधली गर्दीने पिचलेली, भकास पृथ्वी आणि तिच्याभोवती फिरणाऱ्या चक्राकार अवकाशस्थानकावर राहणारे श्रीमंत, ही मांडणी पहिल्या काही मिनिटांतच पटते. स्थानकावरच्या घरांत ‘मेड-बे’ नावाचे यंत्र आहे. त्यात माणूस आडवा झाला की रक्ताचा कर्करोगसुद्धा काही क्षणांत बरा होतो, आणि स्थानकाचा पृथ्वीवरचा छुपा हस्तक क्रूगर याचा हातबॉम्बने उडालेला चेहराही तेच यंत्र पुन्हा घडवते. हे यंत्र चालवायला काही दुर्मीळ वस्तू लागते, असे चित्रपट कुठेही सांगत नाही. उलट शेवटी अशी यंत्रे भरलेली अवकाशयाने पृथ्वीकडे निघतात, म्हणजे ती सज्जच होती. मग इतकी वर्षे ती अडवून ठेवण्यात कोणाचा काय लाभ होता? श्रीमंत दुष्ट असतात, एवढेच उत्तर मला अपुरे वाटते. माझ्या नजरेतून काही निसटले आहे का?

तिसरी घंटा:
निसटलेले नाही, परंतु टंचाई नसतानाही नाकारणे हाच दिग्दर्शकाचा मुद्दा आहे असे मला वाटते. ते यंत्र रोग पाहण्याआधी नागरिकत्व पाहते, म्हणून तर चोरून जाणारे लोक हातावर बनावट ओळखखूण डागून घेतात. माझ्या मते खरी उणीव ही की, नाकारणाऱ्यांची बाजू पटकथेने कधी ऐकूनच घेतली नाही. पृथ्वीवर राहणारा नायक मॅक्स आपल्याला बारकाव्यांनिशी भेटतो. शिक्षा भोगून सुटलेल्यांवर देखरेख ठेवणारा अधिकारी म्हणून एक कळकट यंत्रपुतळा बसवलेला आहे. मॅक्स त्याच्यासमोर खुलासे करत राहतो आणि पुतळा त्याला औषधाची गोळी हवी का असे विचारतो. पुढे कारखान्यात किरणोत्सर्गाने त्याचे पाचच दिवस उरतात, तेव्हा मालक कार्लाइलला चिंता पडते ती त्याच्या अंगाखालचे अंथरूण बदलावे लागेल याची. हे प्रसंग अस्सल आहेत. त्या तुलनेत स्थानकावरचे रहिवासी म्हणजे हिरवळीवरची शोभा. जोडी फॉस्टर यांनी रंगवलेल्या संरक्षणमंत्री डेलाकोर्ट एकदा मुलाबाळांसाठी उभारलेल्या घराचा विषय काढतात, पण तो धागा तिथेच सुटतो.

परीघ:
तुमच्या दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण माझे घोडे स्थानकाच्या उघड्या छतापाशीच अडते. चक्र फिरवून कृत्रिम गुरुत्व मिळवण्याची कल्पना जुनी आहे. नासाच्या १९७५ मधील अभ्यासातल्या ‘स्टॅनफर्ड टोरस’ या नियोजित चक्राकार अवकाशवस्तीचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर होता, तो मिनिटाला एक फेरा घेणार होता, त्यावर दहा हजार माणसे राहणार होती आणि तो पूर्णपणे बंदिस्त होता. चित्रपटातल्या कड्याची आतली बाजू मात्र सताड उघडी आहे आणि हवा केवळ कडेच्या भिंतींनी अडवलेली दिसते. एव्हरेस्टच्या माथ्यावर, म्हणजे ८.८ किलोमीटरवरसुद्धा, समुद्रसपाटीच्या जवळपास एक तृतीयांश दाब उरतो. त्यामुळे भिंती त्याहून कितीतरी उंच नसतील तर हवा कडेवरून सांडतच राहणार. छत काढण्याचे कारण उघड आहे, घुसखोरांची याने थेट हिरवळीवर आदळायला हवी होती. पण ज्यांना परक्यांची एवढी धास्ती, त्यांनी घराला छप्परच घातले नाही, आणि येणारी याने पाडायची तर पृथ्वीवर उभ्या असलेल्या क्रूगरला खांद्यावरून क्षेपणास्त्रे सोडावी लागतात! धुळाक्षर यांना पडलेला प्रश्न आणि हे छत, दोन्हींचे मूळ एकच आहे: पुढच्या हाणामारीला जे सोयीचे, तेवढेच जग रचले आहे.

कुतूहल:
हाणामारीबद्दल मात्र दोन शब्द. याच दिग्दर्शकाचा ‘डिस्ट्रिक्ट ९’ (२००९) सुमारे तीन कोटी डॉलरमध्ये झाला आणि ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनांत पोहोचला. ‘एलिझियम’ला साडेअकरा कोटींच्या आसपास खर्च आला, पण गोष्ट तेवढी पक्की झाली नाही. मरणाच्या दारातल्या मॅक्सच्या अंगात ताकद देणारा धातूचा सांगाडा ठोकतात, तो प्रसंग अंगावर येतो, परंतु त्यानंतर त्याचा आजार पटकथेला आठवेल तेव्हाच बळावतो. क्रूगर डेलाकोर्टला मारतो तिथे राजकीय संघर्षच संपतो आणि उरते ती दोन सांगाड्यांची झुंज. मग लोकांना चोरून स्थानकावर पाठवणारा स्पायडर संगणकावर एक शब्द बदलतो, सगळी पृथ्वी नागरिक ठरते आणि यंत्रमानव त्याला अटक करायला नकार देतात. कल्पना चमकदार आहे, पण तासभर उभी केलेली व्यवस्था एका शब्दाने कोलमडते, हे पचत नाही. पुढे दिग्दर्शकांनीही पटकथा पुरेशी पक्की झाली नव्हती असे मुलाखतीत मान्य केले.

धुळाक्षर:
आभारी आहे. नागरिकत्वाचा मुद्दा मला मान्य आहे आणि छताचा तर माझ्या ध्यानातही आला नव्हता. तरी शेवटाबद्दलचे समाधान होत नाही. मूठभर याने उतरतात, मुले धावत सुटतात, आणि चित्रपट तिथेच थांबतो. त्या गर्दीतून यंत्रात आधी कोणाला झोपवायचे हे कोण ठरवणार, आणि काल लोकांना बडवणारे यंत्रमानव उद्या कोणाचा हुकूम पाळणार, एवढे दोन प्रश्न घेऊन आणखी दहा मिनिटे मी आनंदाने पाहिली असती. त्यासाठी शेवटची झुंज निम्मी कापली असती तरी माझी तक्रार नव्हती.